वरच्या एसीचं पाणी

थोरलीनं खिडकीखालची बादली उचलली आणि मोरीत अशी उपडी केली की अर्धं पाणी तिच्याच पायांवर आलं. सकाळी बटणांच्या दुकानात कामाला जाताना तिनं ती रिकामी केली होती. दुपारी जेवायला घरी आली तर पुन्हा काठोकाठ. वरच्या मजल्यावरून भिंतीला धरून उतरलेली पांढरी नळी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी संपत होती आणि तिच्या तोंडातून थेंब पडत होते. टप, टप, टप. दिवसभर खंड नाही.

“गारवा तिनं खायचा आणि पाणी मी उपसायचं,” ती म्हणाली.

ऐकायला घरात कुणी नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं. महिनाभरापूर्वी ती अशी करवादली असती तर बाहेरच्या खोलीतून अण्णांनी विचारलं असतं, “कुणाला बोलतेस गं?” आणि तिनं म्हटलं असतं, “तुम्हाला नाही.” बापलेकीचं एवढं संभाषण दिवसभर पुरायचं. आता बाहेरच्या खोलीत अण्णांच्या टेबलाच्या चार पायांचे डाग तेवढे फरशीवर उरले होते, आणि ते ती रोज पुसत होती. जात नव्हते.

तिनं अण्णांचं ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि जिना चढू लागली. स्वयंपाक अजून तिचाच होता. तेवढा एक किल्ला तिनं सोडला नव्हता.

वरचं दार बंद होतं. या घरात न्हाणीघर सोडलं तर कुठलंच दार कधी बंद नसायचं. वरची हाक खाली आणि खालचा वास वर, असा सगळा कारभार. एसी आला आणि दाराला एकदम मान आला. थोरलीनं कोपरानं दार ढकललं आणि एक पाय आत टाकला.

“ताई, दार! दार लावून घे पटकन,” धाकटी आतून ओरडली. “ओली हवा येते सगळी.”

ओली हवा म्हणजे आपणच, असं थोरलीला वाटलं.

वरचा हॉल मोठा होता. एका टोकाला भिंतीवर लहानसा एसी न थांबता घुमत होता. हॉलमध्ये गारठा असा नव्हता. पण हवा हलकी वाटत होती, पडदे पापडासारखे कोरडे. कोपऱ्यात अण्णा त्यांच्या टेबलाशी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसले होते, एका डोळ्याला भिंग, समोर बोटीवरचं एक जुनं पितळी घड्याळ पोट उघडून पडलेलं. गावात त्यांना सगळे घड्याळजीच म्हणत. दुकान कधीच बंद झालं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येत, आणि अण्णा नाही म्हणत नसत.

“बघ,” अण्णांनी टेबलाच्या कडेवरची बशी उचलून हलवली. बशीत मीठ होतं. ते या काठाकडून त्या काठाकडे सरसर पळालं. “कसं पळतंय बघ.”

ही अण्णांची जन्माची सवय. काम करायच्या जागी बशीत चिमूटभर मीठ ठेवायचं. मीठ सुटं असेल तर हवा कोरडी, घड्याळ खुशाल उघडा. मिठाला पाणी सुटलं की झाकण लावा आणि गप्प बसा, कारण आतल्या केसासारख्या बारीक कमानीला गंज चढायला एक ओली दुपार पुरते. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे होता. ओल्या दुपारींना तोटा नव्हता.

“छान,” थोरली म्हणाली. “जेवून घ्या.”

अण्णांनी भिंग न काढता उजवा हात पसरला. म्हणजे चिमटा. थोरली शाळेत होती तेव्हापासून तो हात असाच पसरला जायचा आणि त्यात चिमटा ठेवायचं काम तिचं. हातातलं ताट कुठं ठेवावं म्हणून ती इकडेतिकडे बघते आहे, तोवर शेजारच्या स्टुलावर बसलेल्या धाकटीनं अण्णांच्या हातात चिमटा ठेवलासुद्धा. बरोबर ठेवला, टोक आपल्याकडे करून.

थोरलीच्या पोटात कळ आली. ताट टेबलावर ठेवून ती वळली.

“दार, ताई,” धाकटी म्हणाली.

जिन्यावर तिनं स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. त्यात धाकटीचं काय चुकलं? तिचा नवरा बोटीवर. वर्षातून एकदा घरी येणार, सामान उघडेपर्यंत परत जायची वेळ. पैशाची ददात नव्हती. गेल्या ओल्या दिवसांत खालच्या खोलीच्या भिंतींना पोपडे धरले, अण्णांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, तेव्हा धाकटीनं एसी घेतला आणि खाली येऊन नुसतं म्हणाली, “अण्णा, वर बसत जा ना.” अण्णांनी थोरलीकडे बघितलं होतं. “घड्याळं जातायत गं वर. मी कुठं जातोय?”

रात्री ते झोपायला खाली येत, हे खरं. पण त्याला काय चाटायचंय? झोपलेले अण्णा तिच्या वाट्याला आले होते आणि जागे धाकटीच्या.

समजूत पटली नाही. तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि तिनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं, कारण बाहेरच्या खोलीत अण्णा होते. धाकटीला नवरा होता, मोठा हॉल होता, बाल्कनी होती. आता अण्णाही. ज्याच्या ताटात आधीच भरलेलं असतं, त्याच्याच ताटात वाढप्याचा हात जातो, असं थोरलीचं मत झालं.

बाहेर बादलीत पाणी पडतच होतं.

मग तिनं ठेव मोडली आणि एसीच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

“खोली केवढी आहे?” दुकानातल्या मुलीनं विचारलं.

“आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे,” थोरली म्हणाली. “त्याच्याहून मोठा दाखवा.”

“वरची खोली मोठी आहे का?”

“एसी मोठा पाहिजे मला.”

दुसऱ्या दिवशी एसीवाला शिडी घेऊन आला. बडबड्या माणूस होता, तोंडात दोन स्क्रू धरूनही त्याचं बोलणं अडत नव्हतं. त्यानं बाहेरच्या खोलीत येऊन एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा भिंतींकडे, आणि स्क्रू हातात घेतले.

“मावशी, हा इथं लावायचा?”

मावशी ऐकून थोरलीच्या कपाळाला आठी पडली. “मग काय डोक्यावर लावणार?”

“लावतो की. पण एवढ्याशा खोलीला हा जास्त होतो. याच्या निम्म्यात काम भागेल. परत करून लहान आणा, मी दुकानात बोलतो.”

“वरचा लहान कुणी लावला?”

“मीच. तो तिथं कमी पडतोय, हेही मी सांगितलं होतं. या घरात माझं कुणी ऐकत नाही,” तो म्हणाला आणि शिडीवर चढला.

मोठा एसी भिंतीवर आला तेव्हा अर्धी भिंत त्यानंच व्यापली. बटण दाबल्यावर पाण्याचा घोट घेईपर्यंत खोली गार झाली. वरच्या हॉलला दुपार लागायची एवढं गार व्हायला, आणि तरी व्हायचा नाही. थोरलीला वाटलं, पैसे वसूल.

संध्याकाळी तिनं अण्णांना हाताला धरून खोलीत आणलं. अण्णा भिंतीकडे बघत राहिले.

“अगं, एवढा?”

“तुमच्या घड्याळांसाठी,” थोरली म्हणाली. “जिना चढून गुडघे दुखतात तुमचे. टेबल खाली आणू या?”

अण्णांनी फरशीवरच्या चार डागांकडे बघितलं. मग म्हणाले, “आणू या.”

टेबल खाली आलं. चारही पाय फरशीवरच्या डागांवर बरोबर बसले. मागोमाग मिठाची बशी आली, चिमटे आले, बोटीवरचं पितळी घड्याळ आलं. शेवटी टेबलावरचा दिवा घेऊन धाकटी स्वतः आली आणि दारात उभी राहिली. तिला बहुधा दिवा स्वतः ठेवायचा होता.

“दे इकडे,” थोरलीनं दिवा घेतला. “आणि दार लावून घे. ओली हवा येते.”

धाकटीनं दार लावलं, बाहेरून. थोरलीला फार बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याचीसुद्धा तिला लाज वाटली नाही.

तिच्या एसीची नळीही तिनं वरच्या नळीशेजारीच काढून घेतली होती. खाली बादली लावली. दुसऱ्या दिवशी बघते तर बादलीचा तळ जेमतेम ओला. शेजारी वरच्या नळीखालची बादली नेहमीसारखी तुडुंब. थोरलीनं दोन्ही बादल्या बघितल्या आणि तिला हसू फुटलं. जिन्यावर धाकटी भेटली तेव्हा तिनं ते सांगितलंच.

“तुझा गळतो गं. दाखवून घे एकदा. माझ्याला बघ, थेंब नाही.”

धाकटीनं खाली वाकून दोन्ही बादल्यांकडे पाहिलं. “असेल बाई,” ती म्हणाली आणि वर गेली. तिचं दार आता उघडंच असायचं. आत बसायला होतं कोण?

असे बरेच दिवस गेले. अण्णा पुन्हा हात पसरू लागले आणि दुकानातून आल्यावर थोरली त्यात चिमटा ठेवू लागली. बशी हलवली की मीठ पळायचं. एसीची घरघर सुरू व्हायची, लगेच थांबायची, नुसता पंखा फिरत राहायचा, आणि थोरली म्हणायची, “बघा, किती हुशार मशीन! काम झालं की गप्प.” खोलीत एक कुबट वास मात्र येऊ लागला होता. तो तिनं नव्या प्लास्टिकवर ढकलला. अण्णांनी आधी अंगात स्वेटर चढवला, मग गळ्याला मफलर गुंडाळला. ते तिनं वयावर ढकललं.

वयावर ढकलायला आणखी एक निमित्त मिळालं. बोटीवरचं ते पितळी घड्याळ बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. वर असताना अण्णांनी ते जवळजवळ चालू केलं होतं, आणि कप्तान रोज चौकशीला येऊन जात होता. एक दिवस अण्णांनी ते तसंच बंद करून त्याच्या हातात ठेवलं.

“कमान गेली,” ते म्हणाले. “माझाच हात चुकला.”

कप्तानानं घड्याळ कानाशी नेलं, ऐकलं, काखेत धरलं आणि गेला. अण्णा दार लागेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत होते.

“होतं असं,” थोरलीनं समजूत घातली. “आता जरा कमीच करा कामं. डोळे थकले तुमचे.”

“हं,” अण्णा म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात बटणांच्या दुकानाच्या मालकीणबाईंची दाढ ठणकायला लागली आणि त्यांनी दुकान दुपारच्या आधीच बंद केलं. थोरली अवेळी घरी आली. चपला काढताना तिला स्वयंपाकघरातून तडतड ऐकू आली. गॅसवर काहीतरी फुटत होतं.

अण्णा गॅसपुढे उभे होते. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, हातात डाव. जुन्या पातेल्यात ते मीठ परतत होते.

“काय करताय?”

अण्णा असे दचकले की डाव पातेल्यावर आपटला. “काही नाही गं. मीठ जरा ओलं झालं होतं.”

“भाजीतलं?”

अण्णांना खोटं फार वेळ रेटता येत नसे. अशा वेळी ते हातातल्या कामाकडे बघत. तसं त्यांनी पातेल्यात बघितलं. ओट्यावर त्यांची बशी होती. तिच्या तळाशी पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्यात उरलंसुरलं मीठ चिखलासारखं बसलं होतं.

थोरली बाहेरच्या खोलीत गेली. गार वारा अंगावर आला. तिनं भिंतीवरून बोट फिरवलं, ते ओलं झालं. टेबलाच्या खणात गिऱ्हाइकांच्या घड्याळांचा पत्र्याचा डबा असायचा. तिनं तो उघडला, एकाचं मागचं झाकण काढलं आणि अण्णांचं भिंग डोळ्याला लावून आत बघितलं. एवढ्या वर्षांत गंजाचे ठिपके ओळखायला तीही शिकली होती.

ती परत स्वयंपाकघरात आली.

“रोज परतता?”

“रोज कुठं?” अण्णा म्हणाले. “तू दुकानात गेलीस की.”

“मी रोजच जाते दुकानात.”

अण्णांनी डावानं मीठ एका कडेला गोळा केलं. ते आता सुटं झालं होतं, पांढरंशुभ्र.

“मला सांगायचं नाही? इतके दिवस?”

“काय सांगायचं? तू एवढ्या हौसेनं आणलास.” ते थांबले. “आणि गार वाटतं की छान.”

“मफलर गुंडाळून?”

अण्णा हसले. थोरली हसली नाही.

“कप्तानाचं घड्याळ,” ती म्हणाली.

अण्णांनी गॅस बंद केला. “हात चुकला म्हणालो ना मी. आता ते नको काढूस.”

तिला सगळं लख्ख कळलं. वर अण्णा घड्याळांसाठी गेले होते. खाली मात्र तिच्यासाठी आले होते, आणि घड्याळांवर पाणी सोडून आले होते. इतके दिवस तिला जे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं ते हेच होतं. पण ते कळलं तेव्हा पातेल्यात मीठ होतं आणि अण्णांच्या नाकाला थंडीनं पाणी आलेलं. हे सुख तिला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

एसीवाला दुसऱ्या दिवशी आला. त्यानं शिडी भिंतीला लावलीसुद्धा नाही. आत एक फेरी मारली, बाहेर गेला आणि खिडकीखालून ओरडला, “मावशी, इकडे या.”

दोन बादल्यांपाशी तो उभा होता. वरची भरलेली, तिची कोरडी ठणठणीत.

“हे पाणी कुठलं?” त्यानं भरलेली बादली बोटानं वाजवली.

“गळतीचं.”

“हवेतलं. वरच्या हॉलमधल्या हवेतनं काढून इथं आणून ओतलंय त्यानं. तो लहान पडतो ना, म्हणून बिचारा दिवसभर थांबत नाही. गारवा देता येत नाही त्याला धड, पण पाणी काढत राहतो. तुमचा हा पहिलवान. बटण दाबलं की खोली गार, की हा झोपला. पाणी काढायला वेळच नाही त्याला. जे काढतो तेही पंख्याबरोबर परत खोलीत.”

“थेंबाचं चित्र असलेलं बटण आहे की रिमोटवर.”

“ते दाबलं तरी हा घटकाभरात मोकळा होणार. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, तसं खोली पाहून एसी घ्यावा.” मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. “नवीन काही घेऊ नका. अदलाबदल करा. वरचा लहान इथं, इथला मोठा वर. दोन्ही आपापल्या जागी बसतील. अर्ध्या दिवसाचं काम आहे माझं. तुमच्या बहिणीला विचारा फक्त.”

फक्त! थोरलीनं दोन्ही बादल्यांकडे पाहिलं. माझा थेंब गळत नाही, असं ती तोऱ्यात ज्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती, तीच पायरी आता चढायची होती.

वरचं दार उघडं होतं. धाकटी हॉलमध्ये इस्त्री करत होती, आणि इस्त्रीच्या टेबलावर कपडा नव्हता. अण्णांचं टेबल जिथं होतं तिथं अजून स्टूल तसंच ठेवलेलं होतं. एसी चालूच होता. दार सताड उघडं ठेवून तो कशासाठी चालू ठेवला होता, हे थोरलीनं विचारलं नाही.

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मीठ सांगितलं, कप्तानाचं घड्याळ सांगितलं, बादल्या सांगितल्या. बादल्यांचं सांगताना तिनं खिडकीबाहेर बघितलं.

धाकटीनं पुरतं ऐकून घेतलं. मग तिनं इस्त्री उभी केली.

“म्हणजे दोन्हीकडं सारखंच कोरडं होणार.”

“हो. तुला गारवाही जास्त मिळेल.”

“मला कुठं उकडत होतं, ताई?”

थोरलीची नजर रिकाम्या स्टुलाकडे गेली.

“तू खाली अण्णांचा कप विसळतेस ना, तो मला जिन्यातून दिसतो,” धाकटी म्हणाली. “लग्न होऊन वर आले तेव्हापासून बघतेय. तुम्ही दोघं काय बोलता ते ऐकू येत नाही, नुसतं हसणं ऐकू येतं. तुझ्याकडे अण्णा आहेत, आणि मी वर घरभर एकटीच फिरतेय. कितीदा वाटलं, त्यांना म्हणावं वर या. पण कशाला या म्हणू? स्वयंपाक तुझा चांगला. गुडघे त्यांचे दुखतात. मग त्या भिंती ओल्या झाल्या. मला इतका आनंद झाला तेव्हा, तुला सांगते, त्यांची घड्याळं गंजतायत याचा मला आनंद झाला.”

तिचा आवाज कापायला लागला तशी तिनं इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

“आता खालीही कोरडं झालं, की अण्णांना वर यायला काही कारणच उरणार नाही,” ती म्हणाली. “घेऊन जा. सांग त्याला, उद्याच ये म्हणावं.”

थोरलीच्या जिभेवर आलं ते एवढंच, “इस्त्री तापलीय, हात सांभाळ.” ती खाली आली. आपल्यावर कुणी जळत असेल, असं तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या मनात आलं नव्हतं. जळायचं काम तिचं, अशीच तिची समजूत होती.

अदलाबदल झाली. लहान एसी खालच्या खोलीत घुमू लागला आणि खिडकीखाली तिच्या नळीतून पहिल्यांदा धार म्हणावी असं पाणी आलं. बशीतलं मीठ दोन दिवस कुणी बदललं नाही. थोरलीनं स्वतः पहारा ठेवला. ते सुटं राहिलं. अण्णांचा मफलर खुंटीवर गेला, पाठोपाठ स्वेटर. तिसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता बंदरावर जाऊन आले आणि पितळी घड्याळ काखेत घेऊन परतले.

“नवी कमान घालून बघतो म्हटलं कप्तानाला,” ते म्हणाले. “हात अजून चालतोय.”

वर जाऊन बसायचं का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

संध्याकाळी दुकानातून आल्यावर थोरली अण्णांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. टेबलावर दिव्याचं गोल उजेडाचं वर्तुळ, त्यात घड्याळाचं उघडं पोट. दार नीट लावलेलं. बाहेर बादलीत टप टप चाललं होतं. मनासारखं सगळं झालं होतं.

दार दोन बोटं उघडलं. फटीतून आधी एक हात आत आला. हातात चामड्याची एक छोटी डबी होती.

“अण्णांचं दुसरं भिंग वरच राहिलं होतं,” धाकटी फटीतूनच म्हणाली. “घे पटकन. दार उघडं राहतंय.”

अण्णांनी मान वर केली नाही. पण टेबलाखाली त्यांचा पाय हलला, आणि तिथलंच एक जुनं रिकामं स्टूल फरशीवर घासत थोडं पुढे आलं. मग त्यांनी नेहमीसारखा उजवा हात पसरला.

थोरलीनं चिमटा उचलला. पसरलेला तो हात बघून तिच्या पोटात तीच जुनी कळ आली, अगदी तश्शीच. ती काही कुठं गेली नव्हती. डबी घ्यायला तिनं दुसरा हात दाराकडे नेला आणि डबीऐवजी मनगट धरलं.

“आत ये आधी,” ती म्हणाली आणि चिमटा धाकटीच्या हातात दिला. “मग लाव दार.”